त्या बाईचं कुलूप

मी एक जुनं कुलूप आहे. जुनं म्हणजे इतकं जुनं, की माझी किल्ली विहिरीच्या तळाशी पडून पडून आता तिची मातीही झाली असेल. माझी कडी एका बाजूने कापलेली आहे. सध्या माझा मुक्काम वस्तुसंग्रहालयाच्या मागच्या खोलीत, एका फळीवर, फुटक्या रांजणाच्या शेजारी आहे. रांजण बोलत नाही. मीही फारसा बोलत नाही. कुलपाने तोंड उघडायचं नसतं हे जन्मापासून अंगात मुरलेलं. पण मित्रांनो, आता खरंच कंटाळा आला आहे. माझ्याबद्दल इतकी माणसं इतकं काही बोलली, की एकदाचं मीच बोलून टाकतो. त्यातून माझ्यापायी एका आईचं आणि तिच्या लेकीचं बोलणं बंद पडलं होतं. त्याचं ओझं मी फार वाहिलं. ते कसं झालं, आणि पुढे काय झालं, ते ऐका.

मला एका कुलूपवाल्याने घडवलं. माणूस कामात चोख आणि तोंडाने फटकळ. त्याने माझ्या पोटात दोन खटके बसवले, चार वेळा किल्ली फिरवून पाहिली आणि म्हणाला, "जा आता, आणि माझं नाक कापू नकोस." माझ्या पाठीवर त्याने धान्याच्या मापाची लहानशी खूण ठोकली. कारण मी सरकारी कोठारासाठी होतो. गावाच्या मधोमध दगडी कोठार होतं, त्याच्या दारावरही तीच खूण कोरलेली होती. त्या दारावर मी लटकू लागलो.

कोठाराचा राखणदार म्हातारा होता. त्याचे गुडघे गेलेले. त्यामुळे सकाळी मला उघडायला आणि संध्याकाळी लावायला त्याची सून यायची. हाताने भक्कम, चालायला झपझप. माझी किल्ली जरा घट्ट फिरायची, तेव्हा ती मला दटावायची, "फिर की बाबा, आज काय रुसलास का?" मला ते आवडायचं. कुलपाशी कोण बोलतं हो? तुम्ही कधी बोललात का?

मग एक वर्ष असं आलं की पाऊस फिरकलाच नाही. पुढचं वर्षही तसंच. लोकांच्या घरातली मडकी रिकामी झाली आणि माझ्या मागे, दाराच्या आत, पोती छताला टेकलेली. लोक कोठारासमोरून जाताना माझ्याकडे बघायचे. ते बघणं मला अजून आठवतं. मी काय करणार? बंद राहणं हे माझं काम.

एका संध्याकाळी कोठाराचा अधिकारी राखणदाराला सांगून गेला, "उद्या उजाडताच गाड्या येतील. सगळी पोती दूरच्या शहरात जायची आहेत. तिथे भाव चांगला आहे. दार उघडून ठेवा आणि कुठे वाच्यता नको." सून शेजारी उभी होती. तिने सासऱ्याला घरी पाठवलं, मला लावलं, दोनदा हिसका देऊन पाहिला. मग ती चौकातल्या विहिरीपाशी गेली आणि मला 'डुबुक' असा आवाज आला.

पहाटे गाड्या आल्या तेव्हा दारासमोर गावातल्या बायका बसलेल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर रिकामी टोपली. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. नुसत्या बसलेल्या. अधिकाऱ्याने किल्ली मागितली, तर सून म्हणाली, "हरवली." त्याने कुलूपवाल्याला बोलावणं धाडलं. कुलूपवाल्याने मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. स्वतःच्याच लेकराकडे बघावं तसं बघितलं आणि चेहरा कोरा ठेवून म्हणाला, "हे माझ्या हातचं नाही. मला नाही जमायचं." असं धडधडीत खोटं मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

शेवटी शिपायांनी कानस घेऊन माझी कडी कापायला घेतली. दुपार झाली. तोवर चौकात इतकी माणसं जमली की गाड्यांना वळायलाही जागा उरली नाही. अधिकारी चतुर होता. त्याने हवा ओळखली आणि जणू आधीपासून तसंच ठरलेलं होतं अशा थाटात म्हणाला, "चला, एकेक टोपली भरून घ्या." टोपल्या भरल्या. त्या दिवशी गावात चुली पेटल्या.

दुसऱ्या दिवशी शिपाई सुनेला घेऊन गेले. कुठे नेलं, काय केलं, मला माहीत नाही. कुलपाला समोरचं तेवढं दिसतं, आणि तेव्हा मी धुळीत पालथा पडलो होतो.

कुलूपवाल्याने मला गुपचूप उचलून घरी नेलं. त्याची बायको अंगणात मुलांना ही गोष्ट सांगायची. "आपल्या गावात ना, एक बाई होती," अशी सुरुवात करायची. पण अधिकारी तोच होता, शिपाईही तेच. रस्त्यावरून शिपायाच्या वहाणा वाजल्या की ती आवाज चढवून म्हणायची, "ही फार फार पूर्वीची गोष्ट हं! शत्रूने वेढा घातला होता तेव्हाची!" त्याच्याही शंभर वर्षं आधी आमच्या गावाला खरोखरच वेढा पडला होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. शिपाई हसून पुढे जायचा. एकदा तर तोही बसून ऐकून गेला आणि "शाब्बास बाई!" म्हणाला. त्या बाईला नेणाऱ्यांत तो होता. मुलं मोठी झाली, त्यांच्या लक्षात वेढाच राहिला. कोठाराचा दरवाजा गावाच्या वेशीचा दरवाजा झाला, आणि अधिकाऱ्याच्या जागी शत्रू आला. टोपल्या मात्र तशाच राहिल्या. त्या काढायचं कोणाला सुचलं नाही.

पुढे मी या हातातून त्या हातात जात भंगाराच्या ढिगात पोहोचलो. तिथे एक गुरुजी आले. गावात वस्तुसंग्रहालय काढायचं त्यांच्या डोक्यात होतं, म्हणून बिचारे जुन्या वस्तू धुंडाळत फिरत. भंगारवाला मला दाखवून म्हणाला, "हे त्या बाईचं कुलूप आहे म्हणतात. आमची आजी सांगायची." गुरुजींचे डोळे भरून आले. कोणत्या बाईचं, कुठल्या दाराचं, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. वेढ्याची गोष्ट त्यांनी आईच्या मांडीवर ऐकली होती. कडी कापलेली, किल्ली नाही, आणखी काय हवं? मला छातीशी धरून ते घरी गेले.

मित्रांनो, मग माझे दिवस फिरले. काचेची पेटी, खाली लाल मखमल, वर दिवा. शाळेच्या पुस्तकात माझं चित्र आलं. त्यात मला खऱ्याच्या तिप्पट मोठं काढलं होतं. मोठमोठे पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत आणि "देशाने या कुलपापासून शिकावं," असं काहीबाही बोलत. काय शिकावं ते कोणी सांगत नसे. मी सुरुवातीला फुशारलो, हे कबूल. पण खरं सांगू? थोड्याच दिवसांत दमलो. शौर्य मी केलं नव्हतं, जिने केलं तिचं कोणी नीट विचारत नव्हतं, आणि शत्रू तर भलताच होता.

संग्रहालयात गोष्ट सांगायला एक बाई होत्या. मुलं त्यांना गोष्टवाल्या मावशी म्हणायची. तुम्ही त्यांना ऐकायला हवं होतं. सांगता सांगता हात असे हलवत की पहारेकरीही आपली खुर्ची जवळ ओढून बसे. आपल्या आईकडून ऐकलेली गोष्ट त्या जशीच्या तशी सांगत. "बायका दारासमोर बसल्या, प्रत्येकीच्या मांडीवर रिकामी टोपली," हे वाक्यही त्यात असे. नव्या संचालकांनी एकदा त्यांना बोलावून सांगितलं, "अहो, वेढ्यात टोपल्या कशाला? लोक हसतात. ते गाळा." मावशी साहेबांसमोर "बरं" म्हणाल्या आणि मुलांसमोर टोपल्या पुन्हा आणल्या. "मला दिलंय तसं मी पुढे देणार," एवढंच त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या.

त्यांची एकुलती एक लेक शाळा सुटली की माझ्या पेटीखाली बसून डबा खायची, अभ्यास करायची. गोष्ट तिला तोंडपाठ होती. एकदा तिने विचारलं, "आई, टोपल्या रिकाम्या का?"

"तसंच सांगतात."

"पण का?"

"अगं, खा ना मुकाट्याने! पोळी गार होतेय."

ती मुलगी शिकली, इतिहासाची अभ्यासक झाली. संग्रहालयाने माझी तपासणी तिच्याकडेच सोपवली. पहिल्या दिवशी मावशींचा ऊर नुसता भरून आला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "माझी लेक हं ती. याच कुलपाखाली वाढलेली."

लेकीने हातमोजे घातले, पेटी उघडली आणि मला पालथं केलं. इतक्या वर्षांत माझी पाठ कोणी पाहिलीच नव्हती. भिंग लावून तिने माझे खटके पाहिले, खूण पाहिली, आणि तिचा चेहरा उतरत गेला.

संध्याकाळी दालन रिकामं झाल्यावर ती आईला म्हणाली, "आई, हे वेढ्याच्या वेळचं नाही. खूप नंतरचं आहे."

"म्हणजे?"

"वेढा पडला तेव्हा असली कुलपं बनतच नव्हती. आणि वेशीचा दरवाजा आतून अडसर घालून बंद करायचे, त्याला बाहेरून कुलूप कोण लावेल?"

मावशींनी पुढे होऊन मला निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं पोरांना थापा मारल्या."

"असं कुठे म्हटलं मी?"

"मग काय म्हणालीस? माझ्या आईने मला खोटं सांगितलं, मी तुला खोटं सांगितलं. हेच ना?"

"आई, मी कुलपाबद्दल बोलतेय."

"तू कुलपाबद्दल बोल. मी त्या बाईबद्दल बोलते. तिला तू आज काढून टाकलंस." मावशींनी पिशवी उचलली आणि एकट्याच घरी गेल्या. रोज दोघी बरोबर जात.

त्यानंतर दोघी एकाच इमारतीत वावरत, पण बोलणं बंद. लेक आली की मावशी खिडक्या पुसायला जात. खरं तर खिडक्या पुसणं त्यांचं काम नव्हतं. मी पेटीत पडल्या पडल्या तळमळत होतो. ओरडून सांगावंसं वाटे, अगं, तू बरोबर आहेस, आणि त्याही बरोबर आहेत! पण जन्मभर तोंड मिटून राहण्याचीच सवय. ती ऐन वेळी सुटते थोडीच?

एक दिवस शाळेची सहल आली. मावशींनी गोष्ट सुरू केली. आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. लेक हळूच येऊन मुलांच्या मागे जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी. मावशींनी पाहिलं, पण थांबल्या नाहीत. "बायका दारासमोर बसल्या," त्या म्हणाल्या, "प्रत्येकीच्या मांडीवर रिकामी टोपली." आणि मागे बसलेली लेक ताडकन उठली आणि काही न बोलता बाहेर गेली. मावशींना वाटलं, पोरीला आता ऐकवतही नाही. पुढची गोष्ट त्यांनी कशीबशी उरकली.

लेक कुठे गेली होती सांगू? जुन्या कोठारात. तिथे आता गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज आहे. मेस्त्रीकडून शिडी घेऊन तिने दारावरची काजळी पुसली, आणि खाली तीच मापाची खूण निघाली. ती परत आली तेव्हा हात काळेकुट्ट आणि चेहऱ्यावरही काळे पट्टे. तशीच मावशींसमोर उभी राहिली.

"आई, टोपल्या धान्यासाठी होत्या."

मावशी बघतच राहिल्या. "काय म्हणालीस?"

"वेशीचा दरवाजा नाही, कोठाराचा. म्हणून कुलूप बाहेरून. वेढा नाही, दुष्काळ. म्हणून टोपल्या रिकाम्या. बाई होती, आई. बहुधा होतीच. आजी खरं सांगत होती, तूही. फक्त काळ बदलला होता, तो कोणीतरी भीतीपोटी बदलला असेल. टोपल्या तू गाळल्या असत्यास तर मला काही म्हणजे काही कळलं नसतं."

मावशी मटकन पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता हसतील. पण त्यांनी हळूच विचारलं, "मग शत्रू कोण होता गं?"

"शत्रू नव्हता," ती म्हणाली. "आपलेच होते."

"अरे देवा," मावशी म्हणाल्या. "मग शत्रू होता तेच बरं होतं." थोड्या वेळाने त्यांनी रुमाल काढला आणि लेकीच्या गालावरची काजळी पुसायला लागल्या. "आधी तोंड धू. आणि काही खाल्लंस का सकाळपासून?" त्या दिवशी दोघी बरोबर घरी गेल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला, म्हणजे कुलपाला टाकता येतो तेवढा.

इथे गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं! पण मोठ्या माणसांची समिती बसली. लेकीने सगळं मांडलं. समितीने विचारलं, "कागद आहे का?" ती म्हणाली, "कागद ज्यांनी ठेवायचा, त्यांनीच धान्य पळवायला काढलं होतं. ते कशाला ठेवतील? पण खूण आहे, कडीवर कानशीचे वण आहेत, आणि गोष्ट आहे. त्यावरून बहुधा असं झालं असावं." त्या 'बहुधा'वर सगळे तुटून पडले. एकाला वेढ्याचा अपमान वाटला. दुसरा म्हणाला, "आपल्याच अधिकाऱ्यांची बदनामी मुलांना कशाला दाखवायची?" तिसऱ्याला दोन्ही गोष्टी नको होत्या, त्याला नुसतं जेवायला जायचं होतं. मला ओरडावंसं वाटलं, बहुधा काय, नक्की! मी होतो तिथे! पण लेक शेवटपर्यंत 'बहुधा'च म्हणत राहिली. जेवढं कळलं तेवढंच बोलायचं, हा तिचा हट्ट, आणि तो आईकडूनच आलेला. समितीने मधला मार्ग काढला. मला मागच्या खोलीत हलवलं आणि गळ्यात चिठ्ठी अडकवली, 'कुलूप. काळ अनिश्चित.' मखमलीवर आता एक ढाल आहे. तिच्याबद्दल कोणालाच काही माहीत नाही, त्यामुळे कोणाची तक्रारही नाही.

मावशींच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी एक वर्ग आला होता. मावशी त्यांना ढालीसमोरून सरळ मागच्या खोलीत घेऊन आल्या. पहारेकऱ्याने खोलीचं दार उघडून दिलं आणि स्वतः दुसरीकडे बघत उभा राहिला. लेकही आली. मुलं जमिनीवर बसली.

मावशींनी मला फळीवरून उचलून हातात घेतलं. "आपल्या गावात एक बाई होती," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. इतकी वर्षं याच्यापुढे वेढा यायचा. त्यांनी लेकीकडे पाहिलं. "पुढचं तू सांग."

"आई, मला तुझ्यासारखं सांगता येत नाही. पोरं झोपतील."

"मग काय झालं तेवढं तू सांग. कसं सांगायचं ते मी बघते."

आणि मित्रांनो, दोघींनी मिळून ती सांगितली. लेक सांगे, पाऊस पडला नाही. मावशी सांगत, मडक्यात हात घातला की बोटांना तळ लागायचा. लेक म्हणे, हे बहुधा असं झालं. मावशीही आता म्हणत, "बहुधा," पण असं म्हणत की मुलं श्वास रोखून पुढे सरकत. टोपल्या आल्या तेव्हा कोणी हसलं नाही. मला माझ्या कडीवर पुन्हा तिचे ते दोन हिसके जाणवले.

गोष्ट संपल्यावर एका मुलीने विचारलं, "त्या बाईचं नाव काय होतं?"

मावशींनी लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "ते कुठेच मिळालं नाही."

मला वाटलं, आता तरी मी बोलतो. इतकी वर्षं रोज दोन वेळा तिच्या हातात होतो, मला नाही माहीत तर कोणाला? मी आठवू लागलो. सासरा तिला सूनबाई म्हणायचा. नवरा "अगं, ऐकलंस का" म्हणायचा. तिचं पोर तिला आई म्हणायचं. अधिकारी म्हणायचा, "ए बाई." नाव घेऊन तिला कोणी हाक मारलेली मी एकदाही ऐकली नव्हती. मलाही माहीत नाही, मित्रांनो. मलाही माहीत नाही.

म्हणून माझं एवढं ऐका. मला तेल लावू नका, मखमलीवर ठेवू नका, त्याची मला हौस उरलेली नाही. पण तुमच्या घरी कोणी गोष्ट सांगत असेल तर ती नीट ऐका. तिच्यातलं काही जुळत नसलं तरी गाळू नका, सांभाळून ठेवा आणि विचारत राहा. आणि गोष्टीतल्या माणसांची नावं विचारून घ्या, सांगणारी समोर आहे तोवर.

त्या मुलीला हे मी न सांगता कळलं. बाकीची मुलं दाराकडे निघाली तेव्हा ती मागे राहिली आणि म्हणाली, "मावशी, तुमचं नाव काय?"

मावशी गडबडल्या. संग्रहालयात इतकी वर्षं काढली, पण हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्या लेकीकडे बघून लाजल्यासारख्या हसल्या, मग मला फळीवर ठेवलं आणि आपलं नाव सांगितलं. मुलीने ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. मीही मनातल्या मनात म्हटलं, आणि रोज म्हणतो.